मागे सरकायला जागा आहे का?

सुट्टीत मुंबईला जाऊन आलेल्या कुणाचंही स्टेटस बघा. वडापाव असतो, लोकलची खिडकी असते, समुद्र असतो आणि मग हमखास एक फोटो असतो. भर रस्त्यात उभं राहून, मान मागे टाकून, मोबाइल आभाळाकडे धरून काढलेला. काचेच्या दोन-तीन इमारती वर जाता जाता एकमेकींकडे झुकलेल्या आणि मधे आभाळाचा एक छोटासा तुकडा. उदगीर नाहीतर लातूरहून रात्रीची गाडी धरायची, सकाळी सीएसएमटीला उतरायचं आणि दुपारपर्यंत हा फोटो ग्रुपवर पडलेला असतो. पुण्याला अ‍ॅडमिशन घेतलेली पोरं हिंजवडीतून तोच फोटो पाठवतात, दुबईला कामाला गेलेला दादा तिथून पाठवतो. शहर बदलतं, फोटो तोच.

या फोटोला हसणारे पुष्कळ आहेत. तो जुना विनोद तर सगळ्यांनीच ऐकलाय. गावाकडचा माणूस मुंबईत बिल्डिंगचे मजले मोजत उभा असतो. एक भामटा येऊन म्हणतो, मजले मोजायला इथं दंड आहे, किती मोजलेस? हा म्हणतो, दहा. दहा रुपये देतो आणि खूश होऊन निघतो, कारण मोजलेले असतात वीस! विनोद आपल्यावर आहे, हे कळायला आपल्याला वेळ लागत नाही. पण आज या पानावर आम्हाला त्या मजले मोजणाऱ्या माणसाची बाजू घ्यायची आहे. मान वर करून बघणं हा बावळटपणा नाही. उलट शहरात रोज राहणारी माणसं वर बघायची सोडून देतात, ते नव्यानं आलेला माणूसच बघतो. आमचं म्हणणं एवढंच, की जरा नीट बघूया. तो फोटो आपल्याला उंचीशिवाय आणखी एक गोष्ट सांगत असतो, आणि ती आपण वाचत नाही.

इमारत झुकते का?

आधी साधी गोष्ट. फोटोत इमारती एकमेकींकडे झुकलेल्या का दिसतात? इमारत तर सरळ उभी असते. झुकलेला असतो तो मोबाइल. कॅमेऱ्याचा सेन्सर आणि इमारतीची भिंत एकमेकांना समांतर असतील, तर उभ्या रेषा फोटोतही उभ्याच राहतात. मोबाइल वरच्या बाजूला कलवला की ही समांतरता मोडते. पायथा जवळ आणि शेंडा लांब, म्हणून पायथा रुंद आणि शेंडा निमुळता. रेल्वेचे रूळ लांब जाऊन एकत्र आल्यासारखे दिसतात ना, तसंच. फक्त इथं रूळ आभाळात गेलेले असतात.

यात आणखी एक गंमत आहे. खालून काढलेला फोटो मोठेपणा वाढवतो. आपल्या देवणीच्या वळूचा फोटो उभ्यानं काढून बघा आणि मग गुडघ्यावर बसून काढून बघा. दुसऱ्या फोटोत वशिंड आभाळाला टेकलेलं दिसतं आणि वळू दुप्पट रुबाबदार. चौकातल्या वाढदिवसाच्या बॅनरवर भाऊंचा फोटो बहुतेक वेळा छातीच्या खालूनच घेतलेला असतो, हेही एकदा तपासून बघा. सिनेमात हीरोची एन्ट्री जमिनीलगतच्या कॅमेऱ्यानं होते, ती याच कारणानं. कॅमेरा खाली गेला की समोरचा मोठा होतो आणि बघणारा लहान. उंच इमारतीच्या बाबतीत तर हे आपोआपच होतं, कारण आपण मुळातच तिच्या पायाशी उभे असतो.

मग तिला सरळ कसं पकडायचं? मोबाइल उभा धरायचा, अजिबात न कलवता, नजर क्षितिजावर. मोबाइलच्या नेहमीच्या लेन्सनं अशा वेळी इमारतीचा शेंडा फ्रेममध्ये यायला हवा असेल, तर तिच्या उंचीच्या साधारण दीडपट मागं जावं लागतं. ०.५वाली वाइड लेन्स लावली, तर साधारण पाऊणपट. म्हणजे आपल्याकडची दहा मीटर उंचीची तीनमजली इमारत घेतली, तर नेहमीच्या लेन्सला पंधरा मीटर मागं सरकणं आलं. महागड्या कॅमेऱ्यांसाठी शिफ्ट होणाऱ्या खास लेन्सही मिळतात. त्यात कॅमेरा सरळ ठेवून नुसती लेन्स वर सरकवता येते. पण मोबाइलवाल्याची शिफ्ट लेन्स म्हणजे त्याचे पाय. मागं चाला.

आणि इथंच खरा प्रश्न येतो. मागं चालायला जागा आहे का?

२८० फूट आणि २८० मीटर

मुंबईतल्या दोन इमारती घेऊ. पहिली राजाबाई टॉवर. फोर्टमध्ये, मुंबई विद्यापीठाच्या आवारात. १८६९ ते १८७८ या काळात बांधला गेला. उंची २८० फूट, म्हणजे सुमारे ८५ मीटर. त्या काळात अख्ख्या शहरात यापेक्षा उंच काही नव्हतं. समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडं ओव्हल मैदान. मैदानात सव्वाशे मीटर मागं या, मोबाइल सरळ धरा, टॉवर पायापासून टोकापर्यंत ताठ फ्रेममध्ये येतो. वर घड्याळ, खाली झाडं, त्याखाली क्रिकेट खेळणारी पोरं. उंची किती आहे ते लगेच कळतं, कारण मोजायला शेजारी माणसं आहेत.

दुसरी इमारत लोअर परळची वर्ल्ड वन. उंची सुमारे २८० मीटर, सत्तरहून जास्त मजले. आकडा तोच, फक्त फुटाचे मीटर झाले. आपलं दीडपटीचं गणित लावलं, तर हिला सरळ पकडायला चारशे मीटरहून जास्त मागं जायला हवं. वाइड लेन्स लावली तरी दोनशे मीटर. आता लोअर परळच्या रस्त्यावर उभं राहून दोनशे मीटर मोकळी जागा शोधा बरं! मागं सरकलात की दुसऱ्या इमारतीची भिंत, नाहीतर पूल, नाहीतर पार्किंग. म्हणून मग मान मागं टाकायची आणि मोबाइल आभाळाकडं धरायचा. तो स्टेटसवरचा झुकलेला फोटो आपल्या हौसेनं निघतो हे खरंच, पण मागं सरकायला जागा उरलेली नाही म्हणूनही निघतो.

ही जागा कुठं गेली, याला इतिहास आहे. वर्ल्ड वन उभी आहे ती श्रीनिवास मिलच्या जमिनीवर. लोअर परळ, लालबाग, वरळी हा सगळा गिरणगाव. एके काळी इथं सगळ्यात उंच असायची ती गिरणीची चिमणी, आणि दिवस उगवायचा भोंग्यावर. १८ जानेवारी १९८२ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि मागं राहिली सुमारे सहाशे एकर जमीन, तीही भर शहरात.

या जमिनीचं काय करायचं, ते १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत लिहिलेलं होतं. गिरणीची जमीन विकासाला काढली की तिचे ढोबळमानानं तीन वाटे व्हायचे होते. एक वाटा मोकळ्या जागेसाठी, एक सामान्यांच्या घरांसाठी, एक मालकाला. २००१मध्ये या नियमात बदल झाला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची असं ठरलं. शेड जिथं उभ्या होत्या, ती जमीन वाटणीतून बाहेर गेली. आता गिरणी म्हटल्यावर बहुतेक जागा शेडनीच व्यापलेली. साहजिकच मैदानांच्या आणि घरांच्या वाट्याला आलेला तुकडा अगदीच आक्रसला. प्रकरण कोर्टात गेलं. २००५मध्ये उच्च न्यायालयानं विरोधात निकाल दिला, पण २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बदललेला नियम कायम ठेवला.

पुस्तकातलं हे प्रकरण वाचताना डोळा लागेल कदाचित. पण लोअर परळच्या फुटपाथवर मोबाइल सरळ धरून मागं सरकायला लागलात, की त्या नियमाचा अर्थ पाठीला भिंत लागून कळतो. एका बाजूला ओव्हल मैदान मागं असलेला २८० फुटी टॉवर, दुसऱ्या बाजूला मागं काहीच नसलेला २८० मीटरचा टॉवर. दोन फोटो शेजारी ठेवा. दीडशे वर्षांत उंची तिपटीहून जास्त वाढली, समोरची मोकळी जागा मात्र वाढली नाही.

हे आपल्याला कशाला?

कुणी म्हणेल, मुंबईचं मुंबई बघेल. देवणीत कुठं आलेत टॉवर? खरंय. पण मोकळ्या जागेची किंमत मराठवाड्याइतकी महागात कुणी मोजलेली नाही.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून गावं झोपली होती. किल्लारीजवळ जमीन हलली आणि जवळपास दहा हजार माणसं गेली. तुमचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, पण घरात कुणी ना कुणी ती पहाट पाहिलेली असेल. विचारा त्यांना. त्या गावांमध्ये टॉवर नव्हते. बहुतेक घरं एकमजली, दगडमातीच्या जाडजूड भिंतींची, वर माळवदाचं ओझं. आणि घरांमधून गेलेल्या अरुंद गल्ल्या. भिंती कोसळल्या त्या घरात आणि गल्लीतही. पुढं पुनर्वसनात नवी गावं वसवली तेव्हा रस्ते रुंद आखले, घरांमधे अंतर ठेवलं. भिंत पडलीच तर ती पडायला जागा हवी आणि माणसाला पळायला, हे आपल्या जिल्ह्यानं फार मोठी किंमत देऊन शिकलेलं शहाणपण आहे.

आज तेच शहाणपण आपण किती सांभाळतोय? लातूर वर चढतंय, उदगीर चढतंय. क्लासेस, हॉस्टेल, हॉस्पिटल, कॉम्प्लेक्स. तालुक्याच्या गावातही तळमजल्यावर दुकानं आणि वर तीन मजले ही आता नवलाई राहिलेली नाही. उंच बांधायला आमचा विरोध नाही. जमीन कमी, माणसं जास्त, शिकायला येणारी पोरं तर त्याहून जास्त. वर जावंच लागणार. पण बांधकामाच्या नियमात सामासिक अंतर नावाची गोष्ट असते. इमारतीच्या चारी बाजूंना सोडायची मोकळी जागा. इमारत जितकी उंच, तितकी ही जागा साधारणपणे वाढत जाते. त्यामागं कारणं आहेत. आग लागली तर बंब आत यायला हवा, शिडी लावायला हवी, शेजारच्या घराला उजेड-वारा मिळायला हवा, माणसांना बाहेर पळता यायला हवं. नकाशावर ही जागा नेहमी असते. प्रत्यक्षात तिथं पत्र्याचं शेड येतं, जनरेटर येतो, गाड्या लागतात, कधी आख्खं दुकान उभं राहतं.

वर बघून काढलेल्या फोटोत यातलं काहीच येत नाही. त्यात फक्त काच, कडा आणि आभाळ. मोबाइल सरळ धरलात की मात्र फ्रेमचा खालचा निम्मा भाग रस्त्याला जातो. सुरुवातीला तो नकोसा वाटतो, क्रॉप करावासा वाटतो. करू नका. गाडे, वायरी, शेड, वॉचमनची खुर्ची, वाळूचा ढीग, विटा वाहणारी बाई, सगळं तिथं असतं. ती इमारत कशाच्या शेजारी आणि कुणाच्या जिवावर उभी आहे, ते त्या निम्म्या भागात लिहिलेलं असतं.

वर बघणारे दोघे

म्हणून वर बघायचंच नाही का? तसं कुणी म्हणत नाही. अलेक्झांडर रोदचेन्को नावाचा रशियन कलावंत होता. १९२५मध्ये मॉस्कोत तो स्वतः राहत असलेल्या इमारतीच्या खाली उभा राहिला आणि कॅमेरा थेट वर धरून त्यानं बाल्कन्यांचे फोटो काढले. तेव्हाचे कॅमेरे पोटाशी धरून फोटो काढायची पद्धत होती. सगळं जग बेंबीच्या उंचीवरून का बघायचं, असा त्याचा सवाल होता. ओळखीची इमारत अनोळखी कोनातून बघितली की डोळा जागा होतो, हे त्यानं दाखवून दिलं. आज आपण सहज काढतो तो फोटो त्या वेळी बंडखोरी होती.

दुसरा लुइस हाइन, अमेरिकन. न्यूयॉर्कमध्ये १९३०-३१ला एम्पायर स्टेट बिल्डिंग बांधली जात होती. १०२ मजले, ३८१ मीटर. हाइन पन्नाशी ओलांडलेला होता. तो खाली थांबला नाही. कॅमेरा घेऊन लोखंडी सांगाड्यावर चढला आणि त्यानं फोटो काढले ते तुळयांवर बसून बोल्ट आवळणाऱ्या कामगारांचे. इमारत त्याच्या फोटोत पाठीमागं आहे, पुढं आहेत ते हात. पुण्या-मुंबईच्या साइटवर आपल्याकडची कितीतरी माणसं सेंट्रिंगला, गवंडीकामाला जातात. त्यांनी बांधलेल्या टॉवरचे लाखो फोटो निघतात. त्यांचा एखादा तरी आपल्या गॅलरीत आहे का? चढून जायची गरज नाही, तो वेडेपणा करूही नका. साइटच्या गेटवर सुट्टी होताना, विचारून, परवानगी घेऊन एक फोटो काढला तरी चालेल.

आता मजले मोजा

सुरुवात गावातूनच करा. पाण्याची टाकी, मोबाइल टॉवर, देवळाचं शिखर, नवं कॉम्प्लेक्स. एकच वास्तू दोनदा टिपा. एकदा अगदी पायथ्याशी उभं राहून, मोबाइल आभाळाकडं धरून. दुसऱ्यांदा मागं जाऊन, मोबाइल सरळ ठेवून. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड चालू केलीत, तर उभी रेष जुळवायला सोपं जातं. पायथ्याचा फोटो अजून भारी हवा असेल, तर मोबाइल जमिनीवर पाठीवर झोपवा, सेल्फी कॅमेरा आणि टायमर लावा आणि बाजूला व्हा.

मग मजले मोजा. राहत्या इमारतीचा एक मजला साधारण तीन मीटर धरला, तर चार मजले म्हणजे बारा मीटर. दीडपट म्हणजे अठरा मीटर मागं जायचं. आपलं एक पाऊल साधारण पाऊण मीटरचं. म्हणजे चोवीस पावलं. बारा पावलांतच पाठ समोरच्या भिंतीला लागली, तर फोटो बिघडला असं समजू नका. तेवढी रुंदी त्या रस्त्याची आणि तेवढी उंची त्या इमारतीची, हेच तर तुम्हाला कळलं. तो आकडा फोटोखाली लिहा. एका शब्दाच्या कॅप्शनपेक्षा तो जास्त बोलतो.

उदगीरला गेलात, तर किल्ल्याच्या बुरुजाखाली उभं राहून वर बघा. भिंत अंगावर येते, कारण ती अंगावर यावी म्हणूनच बांधलीय. पण किल्ला बांधणाऱ्यांनीही भिंतीसमोर खंदक ठेवला, समोरचा माणूस दिसेल एवढं अंतर राखलं. लातूरला गेलात, तर गंजगोलाईत जा. १९१७ची ही गोल इमारत दोनच मजली आहे, पण १६ रस्ते तिच्यापाशी येऊन मिळतात. म्हणजे तिच्याकडं बघत मागं सरकायला सोळा वाटा! यातल्या किती वाटांवरून आज ती मोकळी दिसते आणि कुठं फलक नि तारा आड येतात, ते सोळा फोटोंत सहज मांडता येईल. एखाद्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात हे प्रदर्शन लागलं, तर रांगोळीइतकीच गर्दी होईल, पैज लावा.

आणि तो दंड? विनोदातला भामटा आता गणवेशात भेटतो आणि म्हणतो, इथं फोटो काढायचा नाही. माहिती असू द्या, १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२नुसार वास्तूचा फोटो काढणं किंवा छापणं हा कॉपीराइटचा भंग ठरत नाही. सार्वजनिक रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतीचा फोटो काढताना त्या कारणानं घाबरायचं काम नाही. लष्करी आणि प्रतिबंधित ठिकाणं मात्र सोडा, खासगी आवारात गेलात तर तिथले नियम पाळा, ड्रोन उडवायचा तर परवानगी घ्या. आणि झूम करून कुणाच्या खिडकीत डोकावू नका. इमारत सगळ्यांना दिसते म्हणून तिच्यातलं घर सगळ्यांचं होत नाही.

आपली गावं आत्ता कुठं वर चढायला लागलीत. ओव्हल मैदानाची वाट धरायची की लोअर परळची, हे ठरायला अजून थोडा वेळ आहे, आणि ते नगरपंचायतीच्या, नगरपालिकेच्या बांधकाम परवान्यांतून रोज थोडं थोडं ठरतंय. परवाना देणाऱ्याला, बांधणाऱ्याला प्रश्न विचारायचा तर हातात काहीतरी हवं. तुमच्याकडं मोबाइल आहे. घराजवळच्या एका नव्या इमारतीसमोर एकच जागा ठरवा, दर सहा महिन्यांनी तिथूनच, मोबाइल सरळ धरून एक फोटो काढा. डिग्री हातात येईपर्यंत सहा-सात फोटो जमतील. समोरची मोकळी जागा पहिल्या फोटोत किती होती आणि शेवटच्या फोटोत किती उरली, ते मग सगळ्या गावाला दाखवा.